लेखणी बदलो, चोपडी टिको

पेढीच्या संगणकावर लिनक्स बसवले की परवान्याचा खर्च वाचतो. हिशेब, पत्रव्यवहार, छपाई ही कामे मार्गी लागतात आणि मग घरातील तरुण पिढी पुढचा विषय काढते. दुकानाचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, त्यावर मालाची यादी, दर, पत्ता, सुट्टीचे दिवस असावेत, आणि किरकोळ बदलासाठी दर वेळी बाहेरच्या माणसाला पैसे मोजावे लागू नयेत. येथे प्रश्न उभा राहतो. विंडोजवर परिचित असलेले ड्रीमवीव्हर लिनक्सवर मिळत नाही. मग एचटीएमएल लिहिण्यासाठी कोणता एडिटर घ्यावा?

उत्तरापूर्वी वस्तूची जात ओळखावी. एचटीएमएलची कल्पना जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांची. १९९० साली त्यांनी लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचण्याची आणि लिहिण्याची सोय एकत्रच होती. एचटीएमएलचे पान म्हणजे साधा मजकूर आणि त्यात पेरलेल्या खुणा: येथे मथळा, येथे परिच्छेद, येथे चित्र. त्यामुळे एका एडिटरमध्ये लिहिलेले पान दुसऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. एडिटर ही केवळ लेखणी आहे. चोपडी म्हणजे ते पान.

हा भेद व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. जुन्या पेढ्यांच्या कित्येक चोपड्या मोडी किंवा महाजनी लिपीत आहेत. कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, पण ती वाचणारा घरात उरलेला नाही. मासिक भाड्याच्या सेवेत तयार केलेल्या पानाची गत बऱ्याचदा अशीच होते. भाडे थांबले की पान जसेच्या तसे उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

लेखण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात पान जसे दिसणार तसेच पडद्यावर दिसते आणि खुणा आपोआप लिहिल्या जातात. नवख्याला हाच प्रकार आवडतो. परंतु लिनक्सवरील त्याचा इतिहास फारसा आश्वासक नाही. लिन्स्पायर या कंपनीच्या अर्थसाहाय्यावर डानिएल ग्लाझमन यांनी एनव्ह्यू हा एडिटर घडवला. २००५ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि लवकरच काम थांबले. मूळ संहिता खुली असल्याने इतरांनी तोच धागा कॉम्पोझर या नावाने पुढे नेला, पण २०१० नंतर तोही थबकला. आजही जुन्या सल्ल्यांत ही नावे आढळतात; त्यांवर विसंबू नये. लिबरऑफिसमधून मजकूर एचटीएमएल म्हणून जतन करता येतो, मात्र त्यात अनावश्यक खुणांची इतकी गर्दी होते की नंतर एक दर बदलणेही जिकिरीचे ठरते.

दुसऱ्या प्रकारात खुणा स्वतः लिहाव्या लागतात, एडिटर त्या रंगवून दाखवतो आणि चूक लक्षात आणून देतो. ब्लूफिश, केट आणि जिनी हे तिन्ही या जातीचे, हलके आणि मुक्त परवान्याचे. ब्लूफिश तर प्रामुख्याने संकेतस्थळांसाठीच रचलेला आहे. दुकानाचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि तो चाळीस पानांवर असला, तर ब्लूफिश सर्व फाइलींत एकदम शोधून बदल करतो. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला विम हाही समर्थ एडिटर; तो वापरणाऱ्यांनी युगांडातील मुलांना मदत करावी, एवढीच विनंती त्यांनी केली होती. परंतु त्याच्या आज्ञा अंगवळणी पडायला सवड लागते. दुकान सांभाळणाऱ्याने तेथून सुरुवात करू नये.

आता नावाजलेल्या एडिटरविषयी. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हीएस कोड लिनक्सवर उत्तम चालतो आणि त्याचे मोल द्यावे लागत नाही. मात्र मोफत आणि मुक्त हे शब्द मराठीत वेगळे आहेत, तो भेद येथे उपयोगी पडतो. त्याची मूळ संहिता मुक्त आहे. पण कंपनी तयार करून देते ती प्रत तिच्या स्वतःच्या परवान्याखाली येते आणि वापराची काही माहिती कंपनीकडे पाठवते. त्याच संहितेपासून माहिती न पाठवणारी व्हीएसकोडियम ही प्रत स्वतंत्रपणे तयार केली जाते. घरातील मुलगा वा मुलगी प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर ती घ्यावी.

मोठ्या कंपनीचे नाव हीदेखील शाश्वती नव्हे. अडोबीने ब्रॅकेट्सचा आधार २०२१ मध्ये काढून घेतला. गिटहबने ॲटम २०२२ च्या डिसेंबरात बंद केला. ज्यांनी त्यांत पाने लिहिली होती, त्यांचे एक अक्षरही वाया गेले नाही; ती पाने दुसऱ्या एडिटरमध्ये सरळ उघडली. साध्या मजकुराचे हे सामर्थ्य आहे.

मराठी पानासाठी आणखी एक परीक्षा घ्यावी. ‘व्यापाऱ्याचे खाते’, ‘लक्ष्मी’, ‘ज्ञान’ हे शब्द लिहून पाहावेत. जोडाक्षरे तुटली वा वेलांटी भलतीकडे गेली, तर तो एडिटर बाजूला ठेवावा. विमसारखे टर्मिनलमध्ये चालणारे एडिटर येथे अनेकदा अडखळतात. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने जतन होते, हे पाहावे आणि पानाच्या शीर्षभागातही तसे नमूद करावे. अन्यथा ग्राहकाला देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे दिसू शकतात.

बहुतेक दुकानांना ब्लूफिश पुरेसा आहे. तो निवडावा, दोन-चार पाने लिहावीत आणि तीच पाने केटमध्ये उघडून घरातील दुसऱ्या व्यक्तीला एक दर बदलायला सांगावे. तिला ते जमले, तर पेढी एका माणसावर अवलंबून राहिली नाही. मग त्या पानांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन वर्षअखेरीच्या हिशेबाच्या कागदांसोबत ठेवावी.