संकलकाचे अवजार

चित्रपट-संकलकाने कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनी मोकळे व्हावे, हे आम्हांस मान्य नाही. संहितेची काटछाट आणि जुळणी हा आपलाही विषय आहे.

वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट'चे (१९९६) संकलन अ‍ॅव्हिडवर पुरे केले, तर 'कोल्ड माउंटन'चे (२००३) फायनल कट प्रोवर. दृष्टी तीच, अवजार निराळे. मग निवड गौण ठरते काय? तसे नाही. जून २०११ मध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणले, तेव्हा जुन्या आवृत्तीतील कामे त्यात उघडतच ना. कित्येक व्यावसायिक संकलक प्रीमियर वा अ‍ॅव्हिडकडे वळले. यांग जिनमो यांनी मात्र 'पॅरासाइट' (२०१९) त्याच मोडीत निघालेल्या सातव्या आवृत्तीवर संकलित केला, आणि त्यांना संकलनाचे ऑस्कर नामांकनही मिळाले! (नव्याचा सोस असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

वैशिष्ट्यांच्या याद्या आम्हांला म्हणूनच दुय्यम वाटतात. हे काम दहा वर्षांनी उघडेल काय, हा खरा प्रश्न. प्रीमियरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवरच मिळतात. वर्गणी थांबली की आपलीच जुळणी आपल्याला परकी. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेला मजकूर आज निरर्थक चिन्हांच्या रूपाने उघडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. सॉफ्टवेअर कोणतेही घ्यावे; पण काम संपताच त्याची एक्सएमएल प्रत काढून मूळ चित्रणासोबत जपून ठेवावी.