बारमाही वैरण : हिशेब वीस गुंठ्यांचा



दूध परवडत नाही असे कोणी म्हणाले, की मी आधी त्याच्या गोठ्यातले पेंडीचे पोते पाहतो आणि मग रान. बहुधा पोते भरलेले आणि वैरणीचे रान मोकळे! मग चैत्र-वैशाखात कडबा महागला, की दुभती गाय बाजाराच्या वाटेला लागते.

दोन संकरित गाईंना रोज 50 किलो हिरवी वैरण धरा. वर्षाचे झाले 18 टन. पाण्याची सोय असेल तर एवढी वैरण वीस गुंठ्यांत निघते. दहा गुंठे संकरित नेपियर, पाच गुंठे लसूणघास आणि उरलेल्या पाचांत पावसाळ्यात मका-चवळी, पुढे पुन्हा मका. सोबत थोडा कडबा हवाच. हे रान गोठ्याजवळ असावे; भारा बहुधा घरधनिणीच्या डोक्यावर येतो, हे धन्यांनी विसरू नये.

नेपियर 3 बाय 2 फुटांवर लावावे. गुंठ्याला 180 कांड्या पुरतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड-दोन महिन्यांनी. जून झाले की गाय दांडे गव्हाणीत ठेवते.

पुष्कळजण सगळ्या रानात नेपियरच लावतात, आणि पौषात फसतात. थंडीत त्याची वाढ खुंटते. नेमका तेव्हा लसूणघास जोरात असतो. कार्तिकात पेरलेला घास दोन महिन्यांनी कापणीला येतो, पुढे साधारण 25 दिवसांनी पुन्हा. खरा नफाही इथेच आहे. दहा किलो हिरव्या लसूणघासात जवळजवळ एक किलो शेंगपेंडेइतकी प्रथिने मिळतात. तेवढी पेंड कमी करून पाहा आणि महिन्याची बाकी मांडा. मात्र उपाशी जनावराला नुसता घास घालू नये, पोट फुगते. कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा.

उन्हाळ्यात विहीर आटत असेल तर दुसऱ्या मक्याचे दाणे चिकात आल्यावर कुट्टी करून मुरघास घालावा. खड्डा हवाबंद झाला पाहिजे. दाबणीत आळस केला तर बुरशी येते.

लसूणघासाचे बी खात्रीचे घ्या. त्यातून अमरवेल येते. पिवळे तंतू दिसले, की तेवढा घास वेलीसकट, बी धरण्याआधी कापून जाळावा.