वजाबाकीचा वृथा गहिवर

अमेरिकेतल्या ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या पितळी वाद्ये-ढोलांच्या पथकांच्या, जुन्या रसिकांना विचारा, स्पर्धा बिघडली कधी? बरेच जण एकच साल सांगतील: 1984. त्या वर्षापासून ‘टिक’ पद्धत मोडीत निघाली. तोवर परीक्षक पाटी-पेन्सिल घेऊन मैदानात रांगांमधून फिरत, आणि कुणाचा सूर फाटला, कुणाची काठी उशिरा पडली, कुणाचे पाऊल रेषेबाहेर गेले की एक खूण करत. एका खुणेला एक दशांश गुण वजा. हा सगळा थाट लष्करी कवायतीतून आलेला. अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटना या स्पर्धा भरवत, आणि तपासणी त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. पुढे पथकांनी स्वतःची संघटना काढली, ड्रम कोअर इंटरनॅशनल. तिची पहिली अंतिम फेरी 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. वजाबाकी मात्र सोबत आली आणि दहा-बारा वर्षे टिकली.

आज फुटबॉलच्या मैदानावर दीडशेच्या आसपास तरुण पितळी वाद्ये, ढोल आणि झेंडे घेऊन दहा-बारा मिनिटे अक्षरशः धावतात, आणि त्यांना शंभरपैकी गुण मिळतात. चाळीस गुण एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. रसिकांची तक्रार अशी की हे सारे परीक्षकाच्या मर्जीवर चालते. टिक होती तेव्हा चूक म्हणजे चूक होती, ती मोजता येत होती. आता परीक्षकाला जे ‘भावते’ ते जिंकते. या मताचा मी आदर करतो, कारण ते मांडणारे लोक उन्हात बाकांवर बसून आयुष्यभर ही कला ऐकत आलेले आहेत. पण मत चूक आहे.

टिक तरी वस्तुनिष्ठ कुठे होती? परीक्षक मोजके, मुले शंभरावर. परीक्षक ज्या रांगेजवळ उभा राहील तिच्या चुका त्याच्या कानावर पडणार, पलीकडच्या टोकाला कोसळलेला स्वर कुणाच्याच खात्यावर जाणार नाही. किती फाटला म्हणजे सूर फाटला, हेही त्यानेच ठरवायचे. शिवाय वजाबाकीच्या काळातही एकूण परिणामाचे गुण होतेच, आणि ते मर्जीनेच दिले जात. म्हणजे ज्या सुवर्णयुगाची आठवण काढली जाते त्यात मर्जी होतीच, फक्त ती आकड्यांच्या आड बसली होती.

त्याहून मोठा दोष वेगळा. वजाबाकीत सगळ्यात सुरक्षित पथक ते, जे कमी वाजवते. सोपी ओळ घ्या, हळू चाला, दोन्ही बाजू सारख्या ठेवा, खुणा कमी पडतील. श्रुतलेखनाची वही तपासायच्या पद्धतीने निबंध तपासला तर मुले लवकरच छोटी वाक्ये लिहू लागतात. याच्या उलट वाटेने गेलेल्या गार्फील्ड कॅडेट्स या पथकाने जॉर्ज झिंगाली यांच्या आखणीवर 1983 ते 1985 सलग तीन विजेतेपदे मिळवली. ती वेगवान, विषम, सतत मोडत-जुळत जाणारी रचना आज या कलेची ओळख झाली आहे. कुणी म्हणेल, त्यांचे पहिले विजेतेपद तर टिक जायच्या आधीचे. खरे आहे. पण एखादे पथक नियमाच्या विरोधात जाऊन जिंकले म्हणून तो नियम धाडसाला पोषक ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की मर्जीची पद्धत आली आणि तिच्यामागून सगळी भेसळ आली: 2000 साली कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्ये, 2004 साली ध्वनिवर्धक, 2009 साली सिंथेसायझर, 2014 साली ट्रॉम्बोनसुद्धा. पूर्वीच्या ‘जी’ पट्टीच्या ब्यूगलचा तो दणदणीत, थोडा रांगडा नाद गेला याचे मलाही वाईट वाटते. सिंथेसायझरचा घुमणारा खर्ज तर मला अनेकदा फसवणूक वाटतो, कारण सत्तर फुफ्फुसांनी जे उभे करायचे ते एक बटण उभे करते. तरीही हा राग चुकीच्या दारावर काढला जातोय. वाद्यांचे नियम परीक्षकांनी बदलले नाहीत. ते पथकांच्या संचालकांनी आपापसांत मतदान करून बदलले. परीक्षक समोर येईल त्याला गुण देतो. समोर काय यावे हे पथकेच ठरवतात.

आता संघटनेची बाजू घेणाऱ्यांचे एक लाडके उत्तर: ‘प्रेक्षकांना कळत नाही.’ हे तर टिकपेक्षाही टाकाऊ. 1993 मध्ये स्टार ऑफ इंडियाना या पथकाने बार्बर आणि बार्टोक यांच्या संगीतावर एक कोरडा, टोकदार, अमूर्त कार्यक्रम केला. ठिकठिकाणी हुर्यो उडाली. अंतिम फेरीत त्यांना 97.3 आणि विजेत्या कॅडेट्सना 97.4. परीक्षकांनी हुर्योकडे लक्ष दिले नाही हे बरे झाले, आज त्या कार्यक्रमाचे नाव आदराने घेतले जाते. पण यावरून प्रेक्षक अडाणी ठरत नाही. स्टारची मंडळी स्पर्धा सोडून रंगभूमीकडे गेली, तिथे ‘ब्लास्ट!’ उभे केले आणि 2001 चा टोनी पुरस्कार मिळवला. तिथे टाळ्या वाजवणारेही प्रेक्षकच होते. आणि 2008 मध्ये फँटम रेजिमेंटचे ‘स्पार्टाकस’ लोकांनी डोक्यावर घेतले आणि परीक्षकांनीही त्यालाच जिंकवले.

जिंकवले, पण किती फरकाने? 98.125 विरुद्ध ब्लू डेव्हिल्सचे 98.100. रसिकांच्या तक्रारीत खरा दाणा इथे आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्याच हाताला लागत नाही. एका शतांशाच्या अडीचपट फरक कुठल्या माणसाच्या कानाला ऐकू येतो? तो सरासरी आणि निम्मे करण्याच्या गणितातून निपजतो. मर्जीला मर्जी म्हणायचे धाडस नाही म्हणून तिला तीन दशांश स्थळांचा सदरा घातला जातो. 1996, 1999 आणि 2000 साली अंतिम फेरीत बरोबरी झाली, दोन-दोन विजेते झाले, आकाश कोसळले नाही. फरक जाणवण्याइतका नसेल तर दोघांनाही विजेते म्हणावे.

त्यात वर शंभर गुणांचे छत. 2014 मध्ये ब्लू डेव्हिल्सना 99.650 मिळाले. पुढच्या एखाद्या पिढीने त्याहून थोर काही केले तर तिच्यासाठी उरतात 0.35. जिम्नॅस्टिक्सने 2006 मध्ये दहाचे छत काढून टाकले आणि काठिण्य व सफाई यांचे गुण वेगळे केले. ड्रम कोअरच्या परीक्षकाच्या कागदावरही काय वाजवले आणि कसे वाजवले असे दोन भाग असतात, पण बाहेर येतो एकच आकडा. रचना पगारी मोठी माणसे करतात; ती पेलतात हजारो डॉलर भरून उन्हाळा घालवणारी पोरे. दोन्हींचे गुण वेगळे जाहीर झाले तर कळेल तरी, की ढाल कुणी कमावली.

आणि क्रम. ‘जागा आधीच ठरलेल्या असतात’ ही रसिकांची कुरकुर मला सगळ्यात वजनदार वाटते, पण परीक्षकांच्या बेइमानीमुळे नव्हे. अंतिम फेरीत पथके उलट्या क्रमाने उतरतात. आधीच्या फेरीत पहिले आलेले शेवटी. संबंध उन्हाळा तेच आकडे वाचलेला परीक्षक, समोर शेवटचे पथक, अंतिम फेरी जिथे होते ते लुकास ऑइल स्टेडियम उभे राहिलेले. प्रामाणिक माणसाचाही हात तिथे वर सरकतो. टिक परत आणून हे थांबणार नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, निदान वरच्या सहांचा.

यावर म्हटले जाते की मग रात्र रंगणार नाही, विजेता मध्येच वाजवून जाईल. मग जाऊ दे की. तिकीट काढून आलेला माणूस निकाल लागेपर्यंत जागा सोडत नाही, आणि सहापैकी कुणीही जिंकू शकेल अशी रात्र अधिकच रंगेल. अडचण दुसरी आहे: शेवटी उतरण्याचा मान ज्यांना वर्षानुवर्षे मिळतो, 2023 पर्यंत 21 विजेतेपदे मिळवलेल्या ब्लू डेव्हिल्ससारख्यांना, त्यांच्या संचालकांनाही या बदलावर मत द्यावे लागेल. रसिकांनी पत्रे लिहायचीच असतील तर ती परीक्षकांना लिहू नयेत, या मतदारांना लिहावीत.