आपल्या शिवाराचा नकाशा आपणच आखावा



हळवे भात कापून कडपे शेतात पसरले आहेत आणि दुपारी आभाळ भरून येते, तेव्हा घरात एकच प्रश्न असतो. आजच भारे बांधून खळ्यावर न्यायचे, की उद्यापर्यंत ऊन खाऊ द्यायचे? मोबाईलवर इशारा येतो, 'ठाणे जिल्हा, पिवळा'. पण ठाणे जिल्हा म्हणजे उत्तनच्या समुद्रापासून थेट मुरबाड-शहापुरात सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत. त्यातले आपले शिवार कोठे?

पेणकरपाड्याचेच पाहा. मीरा-भाईंदर महानगरपालिकेतले हे ठिकाण ठाणे जिल्ह्यात. दक्षिणेला दहिसर लागले की मुंबई उपनगर जिल्हा, उत्तरेला वसईची खाडी ओलांडली की 2014 साली वेगळा झालेला पालघर जिल्हा. एका ढगासाठी तीन जिल्ह्यांचे इशारे वाचायचे! वसईत भात कापलेले असो, उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत असोत, ढगाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

यावर उपाय आहे. हवामानाची माहिती पडद्यावर दाखवणाऱ्या काही संगणक-प्रणालींत आपल्याला हवा तेवढा भाग आखून, नाव देऊन कायमचा जपून ठेवता येतो. अमेरिकेतील युनिडेटा या संस्थेने तयार केलेली 'आयडीव्ही' ही प्रणाली विनामूल्य मिळते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला शेजारी बसवा. एका संध्याकाळचे काम आहे.

प्रथम चौकट ठरवा. पेणकरपाडा साधारण 19.27 उत्तर अक्षांश आणि 72.87 पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटसुलट घातले तर गाव भलत्याच मुलखात जाते, म्हणून जपून. चौकटीत गाव बरोबर मध्यावर ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. जून ते सप्टेंबर पाऊस समुद्रावरून येतो, म्हणून पश्चिमेला जास्त जागा सोडावी. ऑक्टोबरात मात्र गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर घाटमाथ्याकडे उठतात आणि पुष्कळदा पश्चिमेला सरकतात. तेव्हा इगतपुरी, मुरबाड नकाशात हवेतच. माझे मत असे, की 'पावसाळी' आणि 'परतीचा' असे दोन नकाशे करून ठेवावेत.

त्यावर रेघा थोड्याच घ्याव्यात. किनारा, खाडी, तालुक्यांच्या हद्दी आणि आपले गाव, एवढे पुरे. सगळे रस्ते भरले तर ढग दिसायचा नाही. गावाभोवती 25 आणि 50 किलोमीटरची वर्तुळे मात्र जरूर असावीत. ताशी 30 किलोमीटरने येणारा ढग 50च्या वर्तुळापासून आपल्यापर्यंत यायला पावणेदोन तासांच्या आत-बाहेर लागतो. तेवढ्यात भारे झाकून होतात.

हद्दींचा नकाशा बहुधा 'शेपफाईल' या रूपात मिळतो. नाव एक, पण त्यात तीन-चार फायली असतात. त्या एकाच फोल्डरात ठेवाव्यात. एक हलवली की बाकीच्या निरुपयोगी होतात, किंवा किनारा भलतीकडे जाऊन बसतो. नकाशा उघडताच वसईच्या खाडीचे तोंड जागेवर आहे ना, हे आधी पाहावे. नंतर नकाशाला नाव देऊन जतन करावे. दुसऱ्या दिवशी नवी माहिती उघडली की त्याच चौकटीत, त्याच रेघांवर बसते. रोज एकाच नकाशावर पाहिल्याने डोळ्याला सवय होते, हाच मोठा फायदा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. नकाशा बारीक आखला म्हणून माहिती बारीक होत नाही. अमेरिकेच्या जागतिक अंदाजाची सर्वांना खुली असलेली माहिती पाव अंशाच्या जाळीवर असते, म्हणजे एक घर सुमारे 27 किलोमीटरचे. पेणकरपाडा, ठाणे शहर आणि वसई जवळजवळ एकाच घरात येतात! त्यावरून 'आपल्या बांधावर किती मिलिमीटर' हे कोणी सांगू लागला तर त्याला हसून नमस्कार करावा. येत्या दोन-तीन तासांसाठी भारतीय हवामान खात्याच्या रडारचे चित्रच पाहावे. मुंबईत कुलाब्याला रडार आहे आणि 2022 पासून वेरावलीलाही. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर असावे.

नकाशांची एक प्रत पेन ड्राईव्हवर घेऊन शेजारच्या घरी द्या. त्यांचे शेत दोन-चार किलोमीटरवर असले तरी चौकट तीच चालते. फक्त गावाचा ठिपका आणि वर्तुळे तेवढी सरकवून घ्यावी लागतात.