राक्षसाची शिवण

साहित्याच्या वर्गात राक्षसपट आला की तो रूपक होऊनच येतो. गॉडझिला म्हणजे अणुबॉम्ब, किंग काँग म्हणजे वसाहतवाद, 'एलियन'मधला प्राणी म्हणजे प्रसूतीचे भय, अशी समीकरणे फळ्यावर मांडली जातात, विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि तिथे त्या बिचाऱ्या प्राण्याचे काम संपते. हे चित्रपट पाहताना मजा येते ही गोष्ट चर्चेत सहसा निघत नाही. निघालीच तर कबुलीजबाबासारखी, काहीशा संकोचाने निघते. आत गंभीर आशय आणि वरून रंजनाचे वेष्टन अशी वाटणी आपण मनोमन करून ठेवलेली असते. आमच्या मते राक्षसपटांच्या बाबतीत ही वाटणी फसवी आहे. ती मजा नेमकी कशाची असते हे नीट पाहिले, तर आशयही अधिक नेमकेपणाने हाती लागतो.

१९३३ सालचा 'किंग काँग' घ्या. विलिस ओब्रायन यांच्या देखरेखीखाली मार्सेल डेलगाडो यांनी घडवलेली काँगची बाहुली जेमतेम दीड फूट उंचीची होती. आत धातूचा सांधेदार सांगाडा, त्यावर कापूस आणि रबर, वरून सशाची लव. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी २४ चित्रे लागत. दर चित्राआधी बाहुली बोटांनी किंचित हलवायची, बाजूला व्हायचे, चित्र टिपायचे आणि पुन्हा हात घालायचा. या हाताळणीत तिची लव दर वेळी थोडी विस्कटे. काँगच्या अंगावरचे केस पडद्यावर सतत शहारल्यासारखे हलतात ते त्यामुळे. तंत्राच्या हिशेबाने हा उघड दोष आहे. पण पाहणाऱ्याला तो काँगच्या अंगावरून सरसरत गेलेला संताप वाटतो. आज आपल्याला ठाऊक असते की ती थरथर माणसाच्या बोटांची आहे. तरीही संताप काँगचाच राहतो. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी, एकाच केसाळ पाठीवर दिसतात. आम्ही जिला मजा म्हणतो ती इथे आहे.

अशा अनुभवाचे स्पष्टीकरण देताना कोलरिजने १८१७ साली मांडलेली, अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची कल्पना हमखास पुढे केली जाते. ती इथे अपुरी पडते. अविश्वास बाजूला ठेवल्यानेच आनंद मिळत असेल, तर बाहुलीचे बाहुलीपण जाणवताच तो ओसरायला हवा. प्रत्यक्षात तो वाढतो. त्यापेक्षा श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय आम्हांला अधिक जवळचा वाटतो. नटाला राम म्हणून पाहताना प्रेक्षकाला होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या ज्ञानाहून निराळी असते. चित्रातल्या घोड्याकडे पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो तशी. भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी शंकुकाचा अनुमितिवाद पुढे खोडून काढला हे खरे. पण त्याने टिपलेली ती पाचव्या प्रकारची प्रतीती त्यामुळे नाहीशी होत नाही. कोकणात शिमग्याला काळ्या पेहरावातला संकासुर अंगणात येतो तेव्हा आत कोण आहे हे पोरांना पक्के माहीत असते, आणि तरीही ती आईच्या मागे दडतात. त्या पोरांना फसवले गेलेले नसते. ती खेळात सामील झालेली असतात.

आता आशयाकडे वळू. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिच्या किरणोत्सारी राखेत 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी नौका सापडली. तीवर २३ जण होते; त्यांपैकी एक त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मरण पावला. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. त्याची सुरुवातच समुद्रात उसळणाऱ्या झगझगीत प्रकाशाने आणि बुडणाऱ्या जहाजाने होते. त्यामुळे गोजिरा म्हणजे बॉम्ब हे समीकरण चुकीचे मुळीच नाही. पण इतके तर कथासारांश वाचूनही कळते. चित्रपट पाहायचा कशासाठी?

याचे उत्तर त्या पोशाखात आहे. विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया 'किंग काँग'चे चाहते होते. पण बाहुली चित्रागणिक हलवण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. म्हणून त्यांनी रबरी पोशाखात माणूस उभा केला. हारुओ नाकाजिमा यांनी अंगावर चढवलेला तो पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा होता. दिव्यांच्या उष्णतेत त्यांना एका वेळी काही मिनिटेच चालता येई. प्राण्यांची चाल अभ्यासण्यासाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन बसत. पायांखालचे टोकियो लहान प्रतिकृतींचे होते आणि चित्रण वाढीव वेगाने केलेले होते, जेणेकरून पडद्यावर प्रत्येक हालचाल संथ आणि अवजड दिसावी. गोजिराची चाल आठवून पाहावी. तो शिकार करत नाही, कुणाचा पाठलागही करत नाही. स्वतःचेच ओझे झाल्यासारखा पाय ओढत पुढे सरकतो आणि त्याच्या वाटेत शहर येते. या चालीत निर्दयता आहे तशीच यातनाही आहे. आपण ज्याला बॉम्ब म्हणून मोकळे होतो तोच बॉम्बने भाजलेलाही आहे, हे एखाद्या संवादाइतकेच रबराखाली गुदमरणाऱ्या माणसाच्या पावलांनी सांगितलेले आहे. पोशाखाची मजा घेणारा प्रेक्षक याच पावलांकडे पाहत असतो. म्हणजे आशयाच्या अधिक जवळ तोच असतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सुसान सोंटॅग यांनी १९६५ सालच्या 'द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर' या निबंधात अशा चित्रपटांविषयी दाखवून दिले की ते असह्य भयाला सवयीचे करून टाकतात. विध्वंसाची मौज घेताना खऱ्या विध्वंसाला द्यायचा प्रतिसाद बोथट होतो. पुरावाही हाताशी आहे. १९५६ साली 'गोजिरा'ची अमेरिकन आवृत्ती आली. तीत रेमंड बर यांची बातमीदाराची भूमिका नव्याने जोडली गेली आणि अणुस्फोटांचे कितीतरी उल्लेख गळाले. मूळ चित्रपटात आगगाडीतली एक तरुणी आपण नागासाकीतून वाचल्याचे बोलते. ते अमेरिकन प्रेक्षकांपर्यंत पोहोचले नाही. राक्षस तोच, पोशाख तोच, मजाही तीच. अर्थ मात्र कातरला गेला. पुढच्या दोन दशकांत तर गॉडझिला मुलांचा मित्र झाला आणि १९६५ च्या एका चित्रपटात विजयाचा नाचही नाचला.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो, मात्र त्याचा रोख बदलून. अर्थ कातरला गेला तो संकलनाच्या टेबलावर, मजेमुळे नव्हे. ज्याला पोशाखात रस आहे त्याला हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहण्याची ओढ असते, आणि काय गळाले हे कळण्याचा तोच मार्ग आहे. ज्याला केवळ रूपक हवे आहे त्याचे काम कोणत्याही आवृत्तीत भागते. राक्षस बॉम्बमुळे जागा झाला एवढे तर दोन्हींत आहेच. बोथटपणा येतो तो न पाहण्यातून. काय चिरडले गेले, कसे चिरडले गेले, हे निरखणारी मजा बोथट असण्याची शक्यता कमी.

बीभत्साबाबत हे आणखी स्पष्ट होते. जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' १९८२ साली आला तेव्हा अनेक समीक्षकांनी तो किळसवाणा म्हणून झिडकारला. त्यातले बहुतेक प्राणी रॉब बॉटीन या ऐन विशीतल्या कारागिराने रबर, जेलॅटिन, मेयॉनीज आणि वितळवलेले च्युइंगम अशा वस्तूंतून घडवले. अंटार्क्टिकावरच्या तळात शिरलेला जीव कोणत्याही माणसाची हुबेहूब नक्कल करू शकतो. सोबत्यांपैकी माणूस कोण उरला आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा कथेत शरीर चिकट, ओले, ताणले जाणारे दिसणे ही सजावट ठरत नाही. शरीर हा ओळखीचा पुरावा असतो आणि इथे तो पुरावाच हातात वितळतो. एक तुटलेले डोके कोळ्यासारखे पाय फुटून चालू लागते तेव्हा पडद्यावरचे पात्रही अविश्वासाने जवळजवळ हसते. प्रेक्षकही हसतो. नाट्यशास्त्राने बीभत्साचा स्थायिभाव जुगुप्सा आणि अद्भुताचा विस्मय असा सांगितला आहे. हे दोन एकाच गोळ्यात कालवलेले पाहायचे असतील तर हे दृश्य पाहावे.

याचा अर्थ जुने ते सोने आणि संगणकाने सारे नासवले, असा कुणी काढू नये. हा सूर हल्ली फार ऐकू येतो आणि तो इतिहासाला धरून नाही. 'जॉज'मधला (१९७५) यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडला, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो दाखवणे टाळले आणि पाण्यावरची पिंपे व जॉन विल्यम्स यांचे संगीत यांवर भय उभे केले. तिथे हस्तकला नव्हे, तिची नादुरुस्ती कामी आली. 'ज्युरासिक पार्क'मध्ये (१९९३) डायनोसॉर सुमारे १५ मिनिटे दिसतात. त्यांतली संगणकनिर्मित मिनिटे साधारण सहा. उरलेली स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेतल्या यंत्रप्राण्यांची. आणि त्या सहा मिनिटांतही हात होताच. बाहुल्या हलवण्यात हयात घालवलेल्या फिल टिपेट यांच्या चमूने संवेदक बसवलेले धातूचे सांगाडे बोटांनी हलवले आणि ती हालचाल संगणकात उतरवली. ओब्रायन यांची बोटे इथवर पोहोचली होती.

म्हणून 'आमच्या चित्रपटात सारे खरे आहे, संगणक नाही' अशी जाहिरात पाहिली की आम्ही सावध होतो. अशा जाहिरातीत पुष्कळदा कुणाचे तरी श्रम पुसलेले असतात. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ बहुतांशी संगणकावर घडला. तो घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेच्या शाखा मुंबई आणि हैदराबादलाही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघासाठी तिच्या कलावंतांना ऑस्कर मिळाले. समारंभाबाहेर या क्षेत्रातले कामगार निदर्शने करीत होते. आत व्यासपीठावर बिल वेस्टेनहॉफर संस्थेच्या आर्थिक संकटाचा उल्लेख करू लागले, तेव्हा त्यांचे भाषण आवरते घेण्यासाठी वाद्यवृंदाने 'जॉज'ची धून वाजवली. त्या संध्याकाळी भाषण लांबवणाऱ्यांसाठी तीच धून ठरलेली होती. बिघडलेल्या शार्कची उणीव भरून काढणाऱ्या संगीताने त्या रात्री वाघ घडवणाऱ्यांचा आवाज झाकला. संगणकातला प्राणीही कुणाच्या तरी डोळ्यांची आणि मनगटांची झीज असतो. त्याची शिवण दिसत नाही, इतकाच फरक. आणि म्हणूनच ती शोधण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर अधिक येते.

साहित्याच्या शिक्षकांना आमची एकच विनंती आहे. कवितेचा अर्थ सांगण्याआधी आपण वृत्त पाहतो, यती कुठे पडते ते पाहतो, एखादा शब्द तिथेच का बसला हे विचारतो. तशी रीत राक्षसालाही लावावी. तो कशाचे प्रतीक आहे हे विचारण्याआधी तो कशाचा बनला आहे, तो कसा चालतो, त्याच्या आत कोण आहे आणि त्याला किती उकडते आहे, हे विचारावे. विद्यार्थी हसतील. त्यांना हसू द्यावे, कारण हसताना ते पडद्याकडे पाहत असतील. प्रतीक त्यानंतर फळ्यावर लिहिता येईल. आणि आमचा अंदाज असा की ते लिहिण्याची वेळ येईपर्यंत पहिल्या समीकरणात बरीच दुरुस्ती करावी लागलेली असेल.