कौतुक राहू द्या, बिलं द्या

वर्षभर एक गोष्ट मनाला टोचते आहे. जावं तिथे लघुउद्योजकांचे सत्कार चाललेले असतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि भाषणात जिद्द नि कल्पकता. अडचणींवर मात केली म्हणून त्यांची पाठ थोपटली जाते. त्या अडचणी उभ्या कोणी केल्या, यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यात मोठी अडचण तर एकच असते. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत.

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये यंदा बराच वेळ बसलो. दोन सीएनसी, एक जुनं लेथ, मोजके कामगार. मालक स्वतः मशीनवर उभा. गाडीच्या एका ब्रॅकेटचं काम दोन सेटिंगमध्ये व्हायचं. त्याने भंगारातल्या प्लेटचं फिक्स्चर बनवून ते एका सेटिंगवर आणलं. हे सांगताना गडी नुसता फुलला होता. मग बिलांचा विषय निघाला. माल गेला, चलानावर सही झाली, तपासणीत पास झाला, गाडीत बसवला जाऊन रस्त्यावरही आला. पेमेंट नाही. 'साहेब रजेवर आहेत', 'एन्ट्री झालेली नाही', 'पुढच्या महिन्यात बघू'. बिल काढलं म्हणून जीएसटी मात्र त्याने आधीच पदरचा भरलेला. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज चालू, पगाराची तारीख ठरलेली. मोठी कंपनी या माणसाच्या भांडवलावर बिनव्याजी धंदा करते, याला दुसरं नाव नाही.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ मध्ये आयकर कायद्यातही तरतूद आली: मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यावर 'ऑर्डर हवी तर उद्यम नोंदणी रद्द करा' असं सुनावणारे खरेदीदार निघाले, म्हणजे कायदा लागूच व्हायला नको. तक्रारीला पोर्टल आहे, तंटा सोडवायला परिषद आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे वर्कशॉपातल्या पोरालाही ठाऊक असतं. पैसे थकवण्यात सरकारही मागे नाही. थकलेल्या बिलांसाठी राज्यातले कंत्राटदार २०२५ मध्ये रस्त्यावर उतरले.

चिकाटीचं उदाहरण म्हणून लिज्जत पापडची गोष्ट सगळे सांगतात. १९५९, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. त्यातला खरा धडा बहुतेक वेळा गाळला जातो. पापड लाटून आणणाऱ्या सभासद बहिणीला तिची वणई, म्हणजे लाटण्याची मजुरी, रोजच्या रोज मिळायची, आणि ती देता यावी म्हणून वितरकाकडून पैसे रोख घेतले जायचे. उधारीला जागाच ठेवली नव्हती. त्या बायकांची जिद्द मोठीच, पण ती टिकली ती हातात रोज पैसा पडत होता म्हणून.

२०२५ या वर्षाने धक्केही कमी दिले नाहीत. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादलं, सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले, त्याच महिन्यात मराठवाडा पाण्याखाली गेला आणि गावोगावची दुकानं भिजली. अशा धक्क्यांतून माणूस सावरतो. चार महिने अडकलेल्या बिलाने मात्र सावरायला लागणारा पैसाच हातातून जातो.

'लहान धंदा, मोठी उमेद' हा या अंकाचा विषय. कथा, कविता नेहमीप्रमाणे आहेतच. विशेष विभागासाठी आम्ही लहान उद्योजकांना यशाचं रहस्य विचारलं नाही. 'तुमचे पैसे किती दिवसांनी येतात?' एवढंच विचारलं. उत्तरं जशीच्या तशी छापली आहेत. नावं छापलेली नाहीत, कारण जवळपास प्रत्येकाने तशी विनंती केली होती.