माळ्यावरचं इंजिन आणि लाल दिवा

दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या लहानपणीचा ट्रेन सेट माळ्यावरून खाली आला. भाच्याने रूळ जोडले, इंजिन ठेवलं आणि कंट्रोलर सुरू केला. लाल दिवा लागला, पण इंजिन ढिम्म! तो पुन्हा पुन्हा कळ फिरवत राहिला. बाबा म्हणाले, "जाऊ दे रे, जुनं झालंय ते."

थांबा! लाल दिवा म्हणजे इंजिन संपलं असं नाही. अशा सेटमध्ये साधारण १२ व्होल्ट डीसी वीज एका रुळातून इंजिनात जाते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. मोटरला वगळून दोन्ही बाजू थेट जुळल्या की शॉर्ट सर्किट होतं. रूळ नुसते मळले असतील तर इंजिन अडखळतं, पण दिवा लागत नाही. हा फरक लक्षात ठेवा. दिवा लागला तर लगेच बंद करा, नाहीतर वायर तापून प्लास्टिक वितळू शकतं.

मग शोध असा घ्या.

१. इंजिन आणि डबे उचलून कंट्रोलर लावा. तरीही दिवा लागला तर दोष रुळांत आहे. दोन रुळांवर आडवी पडलेली टाचणी, खिळा किंवा उलट जोडलेली वायर शोधा.

२. दिवा लागला नाही तर एकेक डबा ठेवून बघा. धातूची चाकं उलटी बसली असतील तर डब्यामुळेही शॉर्ट होतं. इंजिन शेवटी ठेवा.

३. इंजिन फक्त सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथेच, अडत असेल तर चाकांमधलं अंतर तपासा. चाक आत सरकलं की शेजारच्या रुळाला टेकतं.

४. दोष इंजिनातच असेल तर ते हातात घ्या. मल्टीमीटर ओहमवर ठेवून डाव्या आणि उजव्या चाकाला टोकं लावा. काही ओहम दिसले तर ती मोटरची गुंडाळी. आकडा जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट. आता वरचं कव्हर काढून पुन्हा मोजा.

आमच्याकडे कव्हर काढताच शून्य गेलं आणि नीट आकडा आला! कव्हरखाली एक वायर चेपली होती. तिचं प्लास्टिक फाटून तांबं लोखंडी सांगाड्याला टेकत होतं. बाबा हळूच म्हणाले, "शाळेत असताना तेल घालायला मीच उघडलं होतं." चिकटपट्टी गुंडाळून वायर बाजूला बसवली आणि कव्हर लावलं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. कंट्रोलर स्वतः कधीही उघडू नका. त्यात घरची २३० व्होल्ट वीज येते. तो बिघडला असेल तर जाणकाराकडेच द्या.

इंजिन चाललं तेव्हा भाच्याआधी बाबाच जमिनीवर बसले होते. तुमच्या माळ्यावर काय पडलंय? फेकण्याआधी एकदा तपासून बघा.